ताजी एल, अर्धा ग्लास आणि मधुमेहाची गोळी

इंग्लंडहून परत आल्यावर माझ्या हातून एक चूक झाली. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे डर्बी येथे जाऊन राहिलो होतो. परतल्यावर दवाखान्यात रोज कोणी ना कोणी विचारी, ‘काय डॉक्टर, काय काय पाहिलंत तिकडे?’ मी टेकड्या सांगितल्या, दगडी घरांची खेडी सांगितली, आणि एकदा बोलण्याच्या ओघात हेही सांगून टाकले, की जावयांनी मला एका खेड्यातल्या छोट्याशा ब्रुअरीत नेले होते आणि तिथली ताजी ‘एल’ मी अर्धा ग्लास प्यायलो. फार छान होती, असेही म्हणालो. बाहेरच्या बाकावर त्या वेळी सात-आठ मंडळी बसलेली होती.

आठवड्याभरात ते वाक्य गावभर फिरले, आणि फिरता फिरता त्याचे ‘डॉक्टर म्हणतात, बिअर चांगली असते’ असे झाले. पहिल्यांदा मला हसू आले. पुढे दोन महिन्यांनी हसू मावळले.

एका सोमवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. बाजारपेठेत दुकान असलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मधुमेह आठ वर्षांपासून, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या दोन गोळ्या चालू. रविवारी संध्याकाळी मित्रांबरोबर मळ्यावर बसणे झाले. हे गृहस्थ व्हिस्कीला शिवत नाहीत. त्यांनी दोन बाटल्या स्ट्राँग बिअर घेतली, सोबत फुटाणे आणि काकडी. घरी येताच ‘गोळी चुकवायची नाही’ ही माझी सूचना त्यांनी तंतोतंत पाळली. जेवण मात्र नको म्हणाले आणि झोपले. पहाटे ते घामाने भिजलेले, डोळे अर्धवट उघडे, बोलणे असंबद्ध. मुलगा म्हणाला, ‘अजून उतरलेली नाही, झोपू द्या.’ सर्व घराला तसेच वाटत होते. वहिनींना मात्र पटेना. त्या म्हणाल्या, ‘पिऊन आले की हे घोरतात, यांना असा गार घाम कधी येत नाही.’ त्यांनी मला फोन केला.

ग्लुकोमीटरवर साखर आली ३८. निरोगी माणसाची ती उपाशीपोटी ७० ते १०० च्या दरम्यान असते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत शेठ शुद्धीवर आले, सगळ्यांना ओळखू लागले. गोळीचा परिणाम बराच वेळ टिकत असल्याने साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना दिवसभर रुग्णालयात ठेवावे लागले. सायंकाळी मी भेटायला गेलो तेव्हा ते तक्क्याला टेकून बसले होते. म्हणाले, ‘डॉक्टर, रागावू नका. पण तुम्हीच तर म्हणाला होतात, बिअर काही वाईट नसते.’

मी असे म्हणालो नव्हतो, हे खरे. पण काय म्हणालो नव्हतो हेही मी नीट सांगितले नव्हते. म्हणून आजचा लेख.

प्रथम मी जे प्यायलो ते काय होते, ते सांगतो. बिअरची दोन मोठी घराणी आहेत, एल आणि लागर. आपल्याकडे बिअर शॉपीच्या फ्रीजमध्ये दिसते ती बहुतेक सगळी लागर. एल हे इंग्लंडचे जुने पेय. दोन्हींचा कच्चा माल एकच : पाणी, बार्ली म्हणजे जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. आपल्या गृहिणींना ही कृती समजायला अजिबात अवघड नाही. बाळाला नाचणीचे सत्त्व देण्यासाठी आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. जवाचे तेच करतात. मोड आले की दाण्यात स्टार्चची साखर करणारे पाचक रस तयार होतात. मोडाचे दाणे वाळवून-भाजून भरडतात आणि साधारण ६५ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. पाणी गोड होते. तो गोड काढा गाळून हॉप्ससह तासभर खळखळ उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि तिचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड करते. इडलीचे पीठ रात्रीत फुगते, त्यामागेही असाच वायू असतो.

एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांच्या आसपास काम करते आणि बरेचसे वर फेसाबरोबर येते. लागरचे यीस्ट थंडीत, दहा अंशांच्या आसपास सावकाश काम करते आणि तळाशी बसते. उबेत काम झाल्याने एलला फळांसारखा वास येतो. हॉप्समुळे कडवटपणा येतो, आणि त्याच कडूपणामुळे काही जंतूंची वाढ रोखली जाते. (हॉप्स ही भांगेच्याच कुळातली वनस्पती आहे. पण भांगेची नशा तिच्यात नाही, तेव्हा कोणी भलता अर्थ काढू नये. मी आता शब्दांच्या बाबतीत सावध झालो आहे.)

ती ब्रुअरी म्हणजे पूर्वीचा घोड्यांचा तबेला. ‘भट्टी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हातभट्टी येते, ओढ्याकाठचे काळे पिंप आणि वास. इथे स्टीलची चार-पाच भांडी, धुऊन स्वच्छ केलेली फरशी आणि रबरी बूट घातलेले नवरा-बायको. एका खेपेला पाच बॅरल, म्हणजे सुमारे आठशे लिटर एल निघते. उरलेला चोथा शेजारचा शेतकरी गुरांसाठी नेतो. ब्रिटिश सरकारने २००२ साली लहान ब्रुअऱ्यांचा कर कमी केला, तेव्हापासून असे अनेक छोटे उद्योग उभे राहिले. त्याआधी, १९७१ साली, मोठ्या कंपन्यांच्या गाळीव आणि वायू भरलेल्या बिअरला कंटाळलेल्या चार जणांनी खऱ्या एलसाठी एक चळवळ सुरू केली. ‘कॅमरा’ या नावाने ती आज मोठी ग्राहक संघटना झाली आहे.

खऱ्या एलची खूण अशी, की ती पिंपात भरल्यावरही तिच्यातले यीस्ट जिवंत असते आणि पिंपातच ती मुरते. तिच्यात वरून वायू दाबून भरत नाहीत. तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवतात, म्हणजे आपल्या फ्रीजच्या बिअरइतकी ती गार नसते. हाताच्या पंपाने ओढून ग्लासात देतात. पिंप एकदा फोडले की तीन-चार दिवसांत संपवावे लागते, नाही तर आंबट होते. म्हणूनच ती लांब जात नाही आणि तिथल्या तिथे प्यावी लागते. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी माहीत करून घ्यावी. पिंपातला गढूळपणा तळाशी बसवण्यासाठी परंपरेने माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. न वापरणारेही आता पुष्कळ आहेत, पण विचारावे लागते. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकले आणि सफरचंदाचा रस मागवला.

सासऱ्याने जावयासमोर ग्लास धरायचा म्हणजे मला जरा अवघडल्यासारखे झाले होते. जावई म्हणाले, ‘बाबा, अर्धाच घ्या, आवडली नाही तर मी संपवीन.’ अर्धा पिंट म्हणजे २८४ मिलिलिटर. पंपावरच पाटी होती, मद्यार्क ३.८ टक्के. रंग फिक्या चहासारखा, फेस थोडा. पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाची चव, मागून कोवळ्या कारल्यासारखा कडवटपणा. फार गार नसल्याने चव कळते, आणि फार गार नसल्यानेच घटाघटा पितही येत नाही. तो अर्धा ग्लास मला पाऊण तास पुरला. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे एकेक ग्लास घेऊन तासभर हवामानावर बोलत होते. सोबत आम्ही पाव, चीज आणि कांद्याचे लोणचे असे भरपेट खाल्ले. गाडी मुलगी चालवणार होती, तिने काहीच घेतले नाही. मजा आली, हे मी आजही नाकारत नाही. डॉक्टरने खोटे बोलून पथ्य शिकवू नये.

आम्हा वैद्यकीय लोकांचे बिअरशी नातेही जुने आहे. लुई पाश्चर यांनी बिअर का बिघडते याचा अभ्यास करून १८७६ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जंतूंमुळे बिघाड होतो ही समज पक्की होण्यात अशा कामाचा वाटा मोठा आहे. रक्ताची, लघवीची आम्लता आपण ज्या ‘पीएच’ने मोजतो, ती कल्पना १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली. औषधांच्या चाचण्यांत वापरली जाणारी ‘टी-टेस्ट’ गिनेस ब्रुअरीतील गॉसेट यांची, १९०८ सालची.

यातला सर्वांत बोलका प्रसंग १८५४ चा. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकी पसरली, सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून दाखवून दिले, की मृत्यू एका सार्वजनिक पाण्याच्या पंपाभोवती एकवटले आहेत. पण त्याच रस्त्यावर एक ब्रुअरी होती आणि तिच्या सत्तरहून अधिक कामगारांत पटकीने कोणी मेले नव्हते. स्नो यांनी मालकाकडे चौकशी केली. कामगारांना रोज बिअर मिळे, ते त्या पंपाचे पाणी पीतच नसत, शिवाय ब्रुअरीत स्वतःची विहीर होती. ‘बघा, बिअरने पटकी पळवली!’ असे कोणी म्हणेल. पळवली ती उकळण्याने आणि वेगळ्या पाण्याने. आज त्या जागेजवळ स्नो यांच्या नावाचा एक पब आहे. स्नो स्वतः आयुष्याचा बराच काळ मद्य न घेणारे होते, हे तिथे बसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आणि उलट बाजूचाही एक प्रसंग. १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या भागात बिअर पिणाऱ्यांच्या हातापायांतली शक्ती जाऊ लागली, त्वचा काळी पडू लागली. दारूने नसा जातात, तसेच हे, असे डॉक्टर आधी समजले. डॉ. रेनॉल्ड्स यांनी बिअर तपासली तेव्हा तिच्यात आर्सेनिक म्हणजे सोमल सापडला. बिअरसाठी वापरलेली साखर तयार करताना जे गंधकाम्ल वापरले होते, त्यात तो होता. सहा हजारांवर माणसे आजारी पडली. पिणारा आजारी पडला की सगळे दारूच्या माथी मारायचे आणि पुढे तपासायचेच नाही, ही जुनी खोड आहे. आमच्या शेठजींच्या घरी त्या पहाटे याहून वेगळे काय घडत होते?

आता हिशेबाकडे वळतो, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. पेयाचे मिलिलिटर गुणिले टक्के भागिले शंभर म्हणजे शुद्ध मद्यार्काचे मिलिलिटर. त्याला ०.८ ने गुणले की ग्रॅम. माझा अर्धा पिंट : २८४ गुणिले ३.८ भागिले शंभर, म्हणजे पावणेअकरा मिलिलिटर, साधारण साडेआठ ग्रॅम. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली, ८ टक्क्यांची : ५२ मिलिलिटर, म्हणजे ४१ ग्रॅमच्या पुढे. आणि ज्या व्हिस्कीला आमचे शेठजी शिवत नाहीत, तिचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग ४२.८ टक्क्यांचा धरला तर साडेवीस ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज पेग. शेठजींनी दोन बाटल्या घेतल्या, म्हणजे चार लार्ज, माझ्या अर्ध्या ग्लासाच्या जवळजवळ दहापट. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य गेली तीस वर्षे मी ऐकतो आहे. यकृताला बाटलीचा आकार दिसत नाही, त्याच्यापर्यंत फक्त ग्रॅम पोहोचतात.

निरोगी यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. म्हणजे एका स्ट्राँग बाटलीला चार ते सहा तास. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. पासष्ट किलोच्या पुरुषाने एक स्ट्राँग बाटली तासाभरात संपवली तर तो या मर्यादेच्या दुपटीच्याही पुढे गेलेला असतो. ‘एकच तर बाटली घेतली’ म्हणून मोटारसायकलला किक मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडापेक्षा मला दवाखान्यात येणारी फुटलेली डोकी जास्त आठवतात.

साखरेचे काय झाले?

उपाशी असताना रक्तातली साखर यकृत सांभाळते. साठवलेली साखर सोडते, आणि साठा संपत आला की नवी तयार करते. पोटात मद्यार्क आला की यकृत ते काम बाजूला ठेवून आधी मद्यार्काच्या मागे लागते. नवी साखर तयार होणे मंदावते. जेवलेल्या निरोगी माणसाला ते सहसा जाणवत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याच्या शरीरात दुसऱ्या बाजूने साखर खाली ओढणे चालूच असते. जेवण नाही, यकृत अडकलेले, गोळीचा जोर चालू. साखर उतरते, बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, घरचे झोपेत असताना.

आणि लक्षणे? थरथर, गार घाम, धडधड, अडखळते बोलणे, तोल जाणे, चिडचिड, असंबद्ध वागणे, मग बेशुद्धी. घाम आणि धडधड सोडली तर हे सगळे चढलेल्या माणसाचेच वर्णन आहे. तोंडाला बिअरचा वास असला की घरच्यांची खात्रीच पटते. म्हणून वाचकहो, एवढे मात्र कात्रण काढून फ्रीजवर लावा : मधुमेहाचे औषध घेणारा माणूस पिऊन आला असेल आणि विचित्र वागत असेल, तर ‘उतरेल सकाळी’ म्हणू नका. ग्लुकोमीटर असेल तर लगेच साखर पाहा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल, आणि माणूस शुद्धीत असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि सुधारला की पोळी-भाकरी काहीतरी खायला द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरही नाही आणि पाणीही नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. सुधारला तरी त्या दिवशी डॉक्टरला दाखवाच.

नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यात साखर इतकी उतरण्याचा धोका कमी. पण मद्यपान जास्त असेल तर त्या गोळीचेही दुसरे धोके आहेत, आणि मूत्रपिंड-यकृत बिघडलेले असेल तर अधिकच. क्षयाच्या औषधांनी यकृतावर आधीच ताण असतो, तो उपचार चालू असताना बिअरचे नावही नको. जुलाबासाठी आपण होऊन घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल, झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या, यांच्याबरोबरही मद्य घेऊ नये. गरोदर स्त्रीला तर एक घोटही नाही. एकदा व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला ‘अरे, बिअरच आहे’ असा आग्रह करणारे त्याचे मित्र नव्हेत.

‘पण डॉक्टर, मूतखड्यावर बिअर चांगली ना?’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. बिअरने लघवी जास्त होते, हे खरे. मद्यार्क लघवी रोखून धरणाऱ्या संप्रेरकाला दाबतो. पण त्याने खडा विरघळत नाही. आपल्याकडचे बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते बिअरमध्ये बुडवून ठेवले तरी तसेच राहतील. पाच मिलिमीटरच्या आतले बरेच खडे आपोआप पडतात, आणि त्या दिवसांत जो जे पीत असेल त्याला श्रेय मिळते. काही मोठ्या पाहण्यांत बिअर घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचे दिसले आहे, हेही लपवत नाही. पण नवीन खडा होऊ नये यासाठी लघवी पातळ ठेवायची आहे, ते काम साधे पाणी करते. उलट युरिक ॲसिडची प्रवृत्ती असेल तर बिअर विशेष वाईट. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४७ हजारांवर पुरुषांची बारा वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत बिअरमुळे गाउटचा धोका कडक मद्यापेक्षाही जास्त वाढलेला दिसला. यीस्टमधून येणारी प्युरीन द्रव्ये त्याला कारण असावीत. ज्याचा पायाचा अंगठा एकदा रात्री दोन वाजता सुजला आहे, त्याला मी हे वेगळे सांगायला नको.

पोट सुटण्याचा हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम मद्यार्क सात उष्मांक देतो. स्ट्राँग बाटलीतले मद्यार्क आणि उरलेले पिष्ट मिळून साडेतीनशेच्या पुढे उष्मांक, म्हणजे तीन-साडेतीन चपात्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांचे साडेपाचशे वेगळेच. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलेल्यांना मी म्हणूनच आधी बाटली बंद करायला सांगतो, टॉनिक नंतर.

मग ताजी, छोट्या ब्रुअरीची, रसायन नसलेली एल तरी निर्धोक का? हा प्रश्न आता आपल्याकडचाही आहे. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली आणि तिच्यामागून पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच जागा निघाल्या. या नावामागची गंमत वाचकांना आवडेल. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर महिनोन्‌महिने पडून राहत आणि कंटाळून भ्रमिष्टासारखे होत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रुळला. टॅप म्हणजे आपला ताप! आपली पुण्यात शिकणारी, नोकरी करणारी मुले या जागांवर जातात आणि घरी येऊन सांगतात, की ही नैसर्गिक असते. ताजेपणाने चव सुधारते, कडू-गोड कळते. मद्यार्क मात्र तोच असतो. जिवंत यीस्ट पोटात गेले म्हणून त्याचा परिणाम कमी होत नाही. या छोट्या जागी पाटीवर टक्के लिहिलेले असतात, ते मात्र वाचावेत. साडेतीन टक्के आणि सात टक्के यांचे ग्लास दिसायला सारखेच. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, हेही बारावीच्या निकालाच्या पार्ट्या करणाऱ्यांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

किती चालेल, असे मला सरळ विचारले जाते. मद्यपेयांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच कर्करोगकारक म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त १४ युनिट, म्हणजे ११२ ग्रॅम, आणि तेही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून, असा सल्ला दिला. आपल्या भाषेत ते आठवड्याभरात स्ट्राँगच्या पावणेतीन बाटल्या होतात. शेठजींनी त्यातल्या दोन एका संध्याकाळी संपवल्या होत्या. तेही धोका कमी राहावा म्हणून घातलेले कुंपण आहे, कोणी ते औषधाचे प्रमाण समजू नये. जो घेत नाही त्याने तब्येतीसाठी सुरुवात करावी, असे एकही कारण माझ्याजवळ नाही. जो निरोगी आहे, कोणतेही औषध घेत नाही, ज्याच्या घरात व्यसनाचा इतिहास नाही आणि ज्याला वाहन चालवायचे नाही, त्याने कधीमधी जेवणाबरोबर एखादा हलका ग्लास चवीने घेतला तर मी त्याच्यावर ओरडणार नाही. मी स्वतः तेवढेच केले होते, आणि मला मधुमेह नाही. बाकावरच्या मंडळींना हे शेवटचे वाक्य सांगायचे राहून गेले.

शेठजींच्या गोळ्यांत आता बदल केला आहे. खिशात ते साखरेची पुडी ठेवतात आणि मळ्यावर गेले तर ताक मागतात, असे वहिनी सांगतात. मी पडताळून पाहिलेले नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या आणि कधीमधी ‘बसणाऱ्या’ वाचकांना विनंती, की आपल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि साखर एकदम उतरवणारी गोळी त्यात आहे का, एवढे विचारावे. किती पितो, हे सांगताना बाटलीवरचे टक्केही सांगावेत, लाजू नये. मूतखड्यासंबंधी पत्रे बरीच आली आहेत, त्यांना उत्तर पुढच्या आठवड्यात.